हवालदार झोपेपर्यंत

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की घरातलं एक माणूस तुरुंगात जातं, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मी आत जाऊन आलेली बाई आहे. परवा आमच्या मुक्ताने रोह्याच्या या घरात एक तपकिरी पिल्लू आणलं आणि त्याला रात्रभर झोपायला कसं शिकवायचं याचे व्हिडिओ फोनवर लावून बसली. पाणी कधी बंद करायचं, टोपली कुठे ठेवायची, आवाज कसला लावायचा. फोनमधला एक गुळगुळीत माणूस सगळं सांगत होता आणि त्याच्या पायाशी त्याचं कुत्रं मेल्यासारखं झोपलं होतं. मी शेजारी बसून वाल सोलत होते. मुक्ता म्हणाली, "आई, तुला काय माहितीये का यातलं?" मी म्हटलं, "थोडंफार." आणि पुढचा वाल उचलला. थोडंफार म्हणजे माझ्या तरुणपणीचा एक अख्खा उन्हाळा.

पेणला आमचं घर म्हणजे पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परसू. सगळं एकामागे एक, पुढच्या दारात उभं राहिलं तर मागचा पेरू दिसायचा. पण उन्हाळ्यात पेरू दिसायचा नाही, कारण मधली दारं बंद असायची. आमच्याकडे पापडांचा कारखाना होता. कारखाना हा शब्द आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा. प्रत्यक्षात आई, शेजारची मालूकाकी, पलीकडच्या आळीतली शमीमचाची आणि मी, एवढ्याच बायका, चार पोळपाट आणि एक लोखंडी मुसळ. शिमग्याच्या आधी सुरू व्हायचं ते पावसाच्या तोंडापर्यंत. पोह्याचं पीठ, मीठ, पापडखार, हिंग, तिखट घालून घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून मुसळाने कुटायचं, त्याची लांब वळी करून दोऱ्याने कापून लाट्या पाडायच्या. लाटले की पापड माजघरात जुन्या साड्यांवर पसरायचे. वारा लागला की पापडाच्या कडा वाकड्या होतात म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, दार लोटलेलं. त्या माजघरात हिंगाचा वास इतका साठायचा की मला वाटायचं, माझं लग्न झालं तरी पहिली दहा वर्षं नवऱ्याला माझ्या केसांतून हिंगच येणार. (आला. त्याला आवडतो म्हणाला. खोटं बोलला असेल.)

त्या वर्षी मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते आणि घरी बसणं म्हणजे शब्दशः बसणं, पोळपाटासमोर मांडी घालून. दादा नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत कंत्राटावर होते, आणि नाइटला दोन पैसे जास्त म्हणून त्यांनी नाइटच धरून ठेवली होती. संध्याकाळी कंपनीची बस नाक्यावर यायची, दादा डबा घेऊन जायचे, सकाळी आले की ओटीवर तोंडावर पंचा टाकून झोपायचे. म्हणजे दिवसा दादांची झोप मोडायची नाही म्हणून हळू बोलायचं आणि पापड वाळायचे म्हणून दार उघडायचं नाही. मी त्या घरात कुजबुजत मोठी झाले. आजही कोणाला फोन केला की समोरचा म्हणतो, "जरा मोठ्याने बोला."

आणि अशात रोह्याहून मावशीचा निरोप आला. तिथल्या एका कंपनीच्या ऑफिसात मुली घेत होते, मावशीच्या यजमानांनी माझं नाव सांगितलं होतं, मी जाऊन भेटून आले होते आणि त्यांनी हो म्हटलं होतं. जूनच्या एक तारखेला हजर व्हायचं. नाही झाले तर दुसरी मुलगी तयार होती, तिला मी त्याच बाकावर शेजारी बसलेली पाहिली होती, चांगली नीटनेटकी होती. रोज जाऊन-येऊन जमणार नव्हतं, गाडीची वेळ आणि ऑफिसची वेळ यांचं काही जुळत नव्हतं. मावशीकडे राहायचं होतं. रोहा काही विलायत नव्हे. पण मला तेव्हा कुंडलिकेच्या पुलावरून संध्याकाळी एकटी चालत येणारी मी दिसायची, खांद्याला पर्स, पंख्याच्या वाऱ्याने भुरभुरलेले केस, आणि लाटणं हातात तसंच थांबायचं.

"लाट गो नंदे," आई म्हणायची. "पापड बघून लाट. भिंतीकडं बघून नाय."

आईने नाही म्हटलं नाही. आमच्या आईने आयुष्यात कधीच कशाला नाही म्हटलं नाही. ती फक्त दुसरं काहीतरी विचारायची. मी म्हटलं, "आई, मी जाऊ ना रोह्याला?" तर ती म्हणाली, "रात्रीचं घरात कोण?" दादा नाइटला, मी रोह्याला, म्हणजे रात्री घरात ती एकटी. आई खाडीकडच्या मिठागराच्या वस्तीत वाढलेली. एका खोपटात आजोबा, आजी, सहा भावंडं, आणि बाहेर मिठाच्या राशी. लग्न होऊन आली ती सासू-सासरे, दीर-नणंदांच्या भरल्या घरात. माणसं एकेक करून गेली, पांगली. पण एकटी झोपलेली अशी ती कधीच नव्हती. रोज रात्री दिवा मालवला की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "नंदे, झोपलीस?" मी "हूं" म्हटलं की तिला झोप लागायची. मी आधीच झोपले असले तर मला उठवून विचारायची.

तेव्हा मी डोकं लढवलं. माझ्या डोक्यावर माझा फार विश्वास होता. जिते गावात माझी मैत्रीण राहायची, तिच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. मी एक उचललं, पिशवीत घातलं आणि गाडीने घरी आणलं. काळं, छातीवर पांढरा पट्टा, पट्ट्यामुळे ड्रेस घातल्यासारखं दिसायचं. मी त्याला आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "हा घे राखणीला. हवालदार. हा असल्यावर मी कशाला हवी?"

हवालदाराने आईच्या मांडीवर लघवी केली.

आई हसली नाही, चिडली नाही. पदर झटकला आणि म्हणाली, "राखण करील तेव्हा करील. रात्रीचा हा चार वेळा उठवणार. पहाटे पीठ कुटायला मला उठायचं असतं गो. हा रात्रभर गप झोपायला शिकला ना, की मग तू खुशाल जा." दादा ओटीवरून पंचा न काढता म्हणाले, "झालं. ठरलं." आमच्या घरात दादांनी "ठरलं" म्हटलं की ते ठरायचं, कारण ते तेवढंच बोलायचे.

म्हणजे बघा, मी तुरुंगातून सुटायला किल्ली आणली आणि तीच कुलूप होऊन दाराला लागली.

पहिले काही दिवस पिल्लू लहान होतं, त्याचं चालून गेलं. पापडाच्या घरात कुत्र्याने रात्री कुठेही ओलं करून चालणार नव्हतं. माजघरात साड्यांवर पापड पसरलेले. म्हणून मी स्वयंपाकघरात मागच्या दाराशी अंथरूण टाकलं, हवालदाराच्या गळ्यातली दोरी माझ्या मनगटाला बांधली आणि झोपले. तो उठला की दोरीला ओढ, ओढ लागली की मी उठायचं, कडी काढायची, पेरूपाशी जायचं. तो तिथे तीन गोष्टींचा वास घेणार, एका पानाशी भांडणार, आणि मग ज्यासाठी आलो ते करणार. लांब लायनीवर एखादी गाडी भोंगा द्यायची. पनवेलकडून आलेली असली तर रोह्यालाच चाललेली. मी पेरूखाली दोरी धरून उभी, आणि माझ्यापेक्षा मालगाडीतला कोळसा आधी रोह्याला पोचतोय असं वाटून मला रडू यायचं. मग हवालदार पायावर नाक घासायचा. त्याचं झालेलं असायचं.

हळूहळू तो मोठा झाला. कान उभे राहू लागले, दात बदलायला लागले. जित्याच्या मैत्रिणीने सांगितलं, त्याच्या बहिणी कधीच्याच रात्रभर झोपायला लागल्या. हवालदार मात्र ड्युटीवर हजर. मी सगळे उपाय केले. दिवेलागणीला पाण्याचं भांडं उचललं. झोपण्याआधी त्याला आळीच्या टोकापर्यंत फिरवून आणलं. गोणपाटाची टोपली केली. मालूकाकीने त्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शमीमचाची म्हणाली, "त्याला मायेची आठवण येते गो, उबेला काहीतरी दे." म्हणून मी गजराचं घड्याळ आईच्या जुन्या साडीत गुंडाळून टोपलीत ठेवलं, टिकटिक ऐकून आईचं काळीज वाटावं म्हणून. त्याने साडी फाडली आणि घड्याळाची चावी खाल्ली. तीही पेरूखालीच परत मिळाली.

दादा सकाळी येऊन माझे लाल डोळे बघायचे. "आमच्या कंपनीत नाइटला शंभर माणूस हाय," म्हणाले, "पण खरी नाइट हाच करतो."

आता एक सांगते, जे तेव्हा मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. मी हवालदाराला घेऊन आत आले की स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटलेला असायचा. आईची झोप मोडलेलीच असायची. "आता मोडलीच हाय झोप," म्हणून ती कोरा चहा टाकायची, आणि आम्ही दोघी मागच्या उंबऱ्यात बसून तो प्यायचो. दिवसभर कुजबुजणाऱ्या त्या घरात तेवढीच वेळ मोठ्याने बोलायची होती, कारण ओटीवर दादा नसायचे. आई बोलायची. मला माहीतच नव्हतं ती इतकं बोलते. मिठागराचंच बोलायची. उन्हात फुटलेल्या टाचा, मीठ ओढायची फळी, रात्री भरतीचं पाणी बांधाला लागल्याचा आवाज. एकदा म्हणाली, "गोडं पाणी आम्हाला लांबून आणायला लागायचं, डोक्यावरून. म्हणून बा संध्याकाळची सुकी मासळी चुलीवर चढू द्यायचा नाय. खारट खाल्लं की रातची तहान लागते, पोरं उठतात, माठ रिकामा करतात आणि मग आख्खी रात बाहेर पळतात. सकाळी खायचं काय ते खा म्हणायचा." मी जांभई देत "हं" म्हटलं. माझं लक्ष हवालदाराकडे होतं. तो आमच्या दोघींच्या मध्ये पसरून, झाल्या कामाच्या समाधानात घोरत होता.

मे अर्धा सरला तेव्हा दादांचे एक चुलते वारले आणि आम्हाला सुतक आलं. सुतकात पापडाला हात लावायचा नाही. लाटणी भिंतीला टेकली, मुसळ कोपऱ्यात गेलं, बायका आपापल्या घरी. आणि पहिल्याच रात्री नाही, दुसऱ्या रात्री, मला जाग आली ती उजेडाने. मी दचकून मनगट पाहिलं. दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला हवालदार होता. चारी पाय वर करून झोपला होता. तिसऱ्या रात्रीही तसाच. मी त्याच्या आदल्याच दिवशी टोपलीची जागा बदलली होती, चुलीकडून दाराकडे. मी घरभर सांगत सुटले की सगळं दिशेवर असतं. माळ्यावरची बॅग काढली, पुसली, दोन ड्रेस इस्त्री करून आत ठेवले. मावशीला शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं. आई बॅगेकडे बघत होती. म्हणाली, "सुतकात सुटकेस भरू नये." असा काही नियम नाही. मी दादांना विचारलं.

सुतक फिटलं. आई म्हणाली, पाऊस तोंडावर आलाय, राहिलेलं पीठ काढून टाकू. बायका आल्या, मुसळ घुमू लागलं, आणि त्या रात्री माझ्या मनगटाला ओढ लागली. एकदा नाही. पेरूखाली उभी राहून मी त्या कुत्र्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, मुक्ता वाचणार आहे. बॅग भरलेली होती, एक तारीख येऊन ठेपलेली, आणि वर हा हरामखोर पेरूच्या पानाशी भांडत होता.

दुसऱ्या दिवशी मी लाटायला बसले नाही. मी म्हटलं, आज मी हवालदाराची हवालदार. माजघराच्या कोपऱ्यात बसून त्याच्यावर नजर ठेवली. बायका लाटत होत्या, बोलत होत्या. विषय माझाच.

"रोह्याला जाऊन काय करणार म्हणतेस?" मालूकाकी.

"ऑफिसात कामं असतात."

"कामं काय इथं नाय? इथं बसून लाट, तिथं बसून लिही. बसायचंच हाय ना?"

"तिथं पंखा असतो गो," शमीमचाची म्हणाली. तिचे यजमान आखातात, तिच्याकडे चार पंखे होते. "मला पण सांग, माझी पण जागा बघ."

त्या हसत होत्या आणि हसता हसता मालूकाकीचा डावा हात पोळपाटाखालून मागे गेला. मागे हवालदार बसला होता. हातात तेलात बुडवलेली लाटी. गप्प. गट्ट. थोड्या वेळाने तो उठून शमीमचाचीच्या मागे जाऊन बसला, शिस्तीत, रांगेत नंबर लागल्यासारखा. तिचाही हात मागे. मग तो परसात गेला. मी मागोमाग. बायकांनी पाय धुवायला ठेवलेल्या बादलीत त्याने तोंड घातलं आणि प्याला, प्याला, असा प्याला की मला बादलीची दया आली.

आता पापडाच्या घरात लाटी खाणं म्हणजे काय, हे ज्यांनी पापड फक्त दुकानातून आणले त्यांना कळणार नाही. कच्चं पीठ ते, पण मीठ-खार-हिंग मुरलेलं, वर गोडं तेल. पोरं त्यासाठी भांडतात. आमच्याकडे तर पद्धतच होती, लाटायला बसलं की पहिली लाटी दारातल्या जिवाला द्यायची, म्हणजे पापड तडकत नाहीत. मांजर, कावळा, कोणी असेल त्याला. त्या उन्हाळ्यात दारातला जीव कोण होता ते सांगायला नको. पहिली लाटी त्याला, मग मधली त्याला, मग तो बघत बसतो म्हणून अजून एक.

मी आत येऊन ओरडले. दादांची झोप मोडेल याची पर्वा न करता ओरडले. "तुम्ही याला खार खाऊ घालता, म्हणून हा पाणी पितो, म्हणून मला रात्रभर नाचवतो!"

"मी एकच देते हां," मालूकाकी.

"मी पण एकच," शमीमचाची. "अल्लाकसम. मोठी नाय, छोटी."

"तुझ्या आईला विचार," मालूकाकी म्हणाली. आई पीठ कुटत होती. मुसळ थांबलं नाही.

बायकांना हसू आवरेना, पण वाईटही वाटलं. मी कळवळून सांगितलं, की माझं रोह्याला जाणं या लाटीवर अडलंय. शमीमचाचीने कानाला हात लावला. मालूकाकी म्हणाली, "आजपासून हात माझा मांडीखाली." आणि खरंच, त्या दिवशी दुपारनंतर हवालदार रांगेत बसला, मान वाकडी करून बघत राहिला, पण कोणी दिलं नाही. मी त्याच्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

रात्री तो उठला. मी पेरूखाली. स्टोव्हचा आवाज. कोरा चहा. आई म्हणाली, "सवय असंल गो त्याची. सवय जायला वेळ लागतो." त्याच्या पुढच्या रात्रीही तेच.

आता एकच दिवस राहिला होता. दादा म्हणाले होते, "एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! बाकावरची ती नीटनेटकी मुलगी पुढच्या वर्षी माझ्या खुर्चीत बसून माझ्याच पंख्याचा वारा खात असणार. माजघरात शेवटचे पापड वाळत होते, दार लोटलेलं, हिंग छातीत बसलेला. मला वाटलं, आता मी उठून दार उघडलं नाही तर मी इथेच, या साडीवर, कडेने वाकडी होऊन वाळून जाईन. मी उठले. दादांची बस गेली होती, बायका गेल्या होत्या. मागच्या दाराने परसात जावं म्हणून स्वयंपाकघराकडे वळले.

आई पाटावर बसली होती. पुढ्यात तेलाची वाटी. हवालदार तिच्यासमोर बसला होता, पाठ ताठ, साहेबासमोर बसावा तसा. आईने शेवटची लाटी उचलली, तेलात बुडवली, दोन बोटांत फिरवून गोल केली. नीट, सावकाश. माझी सावली तिच्यावर पडली तेव्हा तिचा हात अर्ध्यात थांबला.

"शेवटची हाय," ती म्हणाली. "टाकून द्यायची का?"

मला खूप काही बोलता आलं असतं. मी भांडायला चांगली होते. पण तिच्याकडे बघता बघता मला तो माठ आठवला, तो डोक्यावरून आणलेला, संध्याकाळी कोणालाही रिकामा करू न दिलेला. मी एवढंच विचारलं, "आई, तुमच्या मिठागरावर संध्याकाळची सुकी मासळी का नव्हती शिजत?"

हवालदार लाटीकडे, लाटीकडून तिच्याकडे बघत होता. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग आईने ती लाटी स्वतःच्या तोंडात टाकली. चावत राहिली, बराच वेळ, जणू ती लाटी नव्हतीच, एखादी कडक सुकी मासळी होती.

"आज जरा खारट झालंय पीठ," ती म्हणाली.

त्या रात्री मला सवयीने जाग आली. दोरी ढिली होती. हवालदार टोपलीत झोपला होता, त्याचं पोट वर-खाली होत होतं. माठाचं झाकण वाजलं. आई पाणी पीत होती.

"नंदे," ती अंधारातून म्हणाली, "झोप. मी हाय. तो झोपलाय."

सकाळी उठले तेव्हा ती टोपलीशेजारी बसलेली होती, पहाटेचं पीठ न कुटता. तिने माझ्या मनगटाची दोरी सोडली. दोरीचा वळ पडला होता, त्यावर तिने अंगठा फिरवला. म्हणाली, "जा. अंघोळ कर. गाडी चुकेल." गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.

मी रोह्याला गेले. खुर्ची मिळाली, पंखाही मिळाला; तो चालायचा नाही, पण होता. कुंडलिकेच्या पुलावरून संध्याकाळी एकटी चालत आले आणि पहिल्या दिवशी मला जे वाटायचं होतं ते वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला. पुढे लग्न इथेच झालं. हवालदार आईजवळ पुष्कळ वर्षं जगला. तो रात्री कधी उठला नाही, चोर आले असते तरी उठला नसता. एकदा बाळंतपणाला मी पेणला होते तेव्हा रात्री दिवा मालवल्यावर आतल्या खोलीतून आवाज आला. मी "हूं" म्हणणार होते. पण आई म्हणाली होती, "हवालदारा, झोपलास?" आणि खाटेखालून शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

तर मुक्ताचं पिल्लू. तिला बंगळुरूला नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. त्या दिवशी वाल सोलून झाल्यावर ती पिल्लाला कुरवाळत म्हणाली, "आई, हा रात्रभर झोपायला लागला ना, की मग मी निघते. त्याच्या आधी तुझ्या गळ्यात कसं टाकू?" मी म्हटलं, "बरोबर आहे." तिचे बाबा चहा पिऊन पेपर घेऊन बसले होते. संध्याकाळ होती. पेणहून मालूकाकीच्या सुनेने डबा पाठवला होता, त्यात वाळलेल्या पापडांवर चार-पाच ताज्या लाट्या, मला आवडतात म्हणून. मी एक उचलली. तेलात बुडवली. दोन बोटांत फिरवली. पिल्लू माझ्यासमोर येऊन बसलं, पाठ ताठ करून. यांना कोण शिकवतं कोण जाणे.

मी लाटी खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग डब्यातल्या सगळ्या खाल्ल्या, एकही शिल्लक ठेवली नाही.

रात्री पिल्लू गाढ झोपलं. मी तीनदा उठले.